जिन्यातल्या दिव्याचा एकतर्फी पदभार

खोकं बुटांचं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सरकारी कागदावर त्याला ‘नमुना-पेटी क्रमांक एक’ असं नाव पडलं आणि माझे जुने बूट उगाचच मोठ्या घराण्यातले वाटायला लागले.

ते खोकं मला टपालानं परदेशात पाठवायचं होतं. एवढंच काम. सकाळी जाऊन यावं, येताना दूध आणावं, अशा बेतानं मी निघालो होतो.

खिडकीतल्या माणसानं खोकं काट्यावर ठेवलं आणि विचारलं, “आत काय आहे?”

“पाखरं,” मी म्हणालो.

त्यानं हात मागे घेतला. “जिवंत?”

“नाही हो. मेलेली. चौसष्ट.”

माझ्यामागची रांग एक पाऊल मागे सरली. मी पाणीखात्यात एकतीस वर्षं मीटर वाचले. कुणी विचारलं की आकडा सांगायचा, ही हाडात भिनलेली सवय. नुसतं ‘मेलेली’ म्हणून थांबलो असतो तर निभावलं असतं. ‘चौसष्ट’नं घात केला.

“कशानं मेली?”

“म्हातारपणानं असावीत,” मी म्हणालो. “दिव्यावर येतात ना, ती पाखरं. रात्रभर फिरतात, सकाळी खाली पडलेली असतात.”

त्यानं एक जाड पुस्तक काढलं, बराच वेळ बोट फिरवलं आणि मला वाचून दाखवलं. कीटक, जिवंत असो वा मृत, संशोधनासाठी देशाबाहेर पाठवायचा असेल तर वैज्ञानिक सहकार्य कक्षाचं पत्र जोडावं. पत्र नसेल तर पाठवणाऱ्यावर कारवाई होईल. ‘कारवाई’ हा शब्द त्यानं जरा मोठ्यानं वाचला. मी खोकं काखेत मारून घरी आलो. दूध विसरलो.

आता खोक्याबद्दल. आमची ही शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. काचेच्या नळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, असं काम. तिथून कुठून तरी तिला हा नाद लागला. आमच्या इमारतीच्या जिन्यात, तळमजल्यावर, एक पिवळा बल्ब आहे. रोज सकाळी केर काढणारी येण्याआधी ही खाली जायची, बल्बखाली पडलेली पाखरं मोजायची, त्यांची नावं वहीत लिहायची आणि समोर छोटी सही करायची. एक अक्षर आणि खाली दोन टिंबं. नवीन जातीचं पाखरू दिसलं की गोळ्यांच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवायची. हे तिनं एकोणीस वर्षं केलं. मी तिला हसायचो. ती म्हणायची, “अहो, तुम्हाला आकडा दिसतो, पाखरू दिसत नाही.”

शेवटची दोन वर्षं परदेशातल्या एका प्राध्यापक बाईंशी तिचा पत्रव्यवहार चालला होता. ती गेल्यावर तीन महिन्यांनी त्या बाईंचं तिच्याच नावे पत्र आलं. मुलगी दुसऱ्या गावी असते. तिनं ते फोनवर वाचून मला अर्थ सांगितला आणि बाईंना आई गेल्याचं कळवलं. त्यावर दुसरं पत्र आलं. वाईट वाटलं, असं चार ओळी होतं आणि मग कामाचं होतं. एकच दिवा, एकच जिना, एकोणीस वर्षं रोज मोजणारं एकच माणूस, असं दप्तर त्यांनी दुसरं पाहिलेलं नाही. पाखरं का कमी होताहेत ते त्यातून कळेल. दोन सरकारांच्या करारातून त्यांचं काम चाललंय आणि तो करार पुढच्या महिनाअखेरीस संपतो. त्याआधी वह्या आणि चौसष्ट नमुने पोचले, तर जो लेख छापून येईल त्यावर आईचं नाव असेल.

“आभारात नाही बाबा,” मुलगी म्हणाली. “लेखकांत.”

नळ्या धुणाऱ्या बाईचं नाव प्राध्यापकांच्या रांगेत. मी कॅलेंडरवर महिनाअखेरीला गोल केला. एकोणचाळीस दिवस होते.

खोकं परत आलेलं जिन्यातच सगळ्यांनी पाहिलं, त्यामुळे सल्ले जिन्यातच सुरू झाले. समोरच्या शिवणवाल्या ताई म्हणाल्या, “बटणं म्हणून लिहा की. कोण उघडून बघतंय!” वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर म्हणाला, “काका, माझा एक मित्र विमानानं जातोय, त्याच्या मोज्यांत घालू.” तळमजल्यावरचे आप्पा आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. त्यांनी सल्ला दिला नाही. ते नुसते बल्बकडे बघत राहिले.

आप्पांचं आणि बल्बचं वैर जुनं. पिवळा बल्ब वीज खातो, पाखरं गोळा करतो, तिथं पांढरा दिवा लावावा, हा विषय सोसायटीच्या प्रत्येक सभेत चौथ्या क्रमांकावर असायचा आणि प्रत्येक सभेत आमची ही उभी राहून तो पाडायची. आप्पांनी पांढरा दिवा आणून कपाटात ठेवलाय, हे अख्ख्या इमारतीला माहीत होतं. ही गेल्यावर ते मला म्हणाले होते, “लगेच बदलत नाही हो मी. बरं दिसत नाही.” माणूस तसा चांगला.

मोजे आणि बटणं मला पटणारी नव्हती. मी कक्षात गेलो.

कक्ष शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. सात नंबरच्या टेबलावर एक बाई बसल्या होत्या. स्टेपलर चोरीला जाऊ नये म्हणून त्यांनी तो सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधला होता. मला असं टेबल दिसलं की धीर येतो. इथं काम होतं असा त्याचा अर्थ.

“काका, तुम्ही नशीबवान,” त्या म्हणाल्या. “गेल्याच महिन्यात नवं धोरण आलंय. आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक सहकार्य सुलभ करण्याचं.”

“मग जुन्या धोरणात कसं होतं?”

“जुन्यात एक अर्ज होता.”

“आणि नव्यात?”

त्यांनी गठ्ठा पुढे सरकवला. मुखपृष्ठावर दोन हात हस्तांदोलन करत होते. आत परिशिष्टं होती, एक ते अकरा. मी त्यांच्यासमोरच वाचायला लागलो. नमुने फक्त संशोधकच पाठवू शकतील. संशोधक म्हणजे संस्थेशी संलग्न असलेली व्यक्ती. संस्था कोणती, तर जिथं संशोधक संलग्न आहेत ती. मी तीनदा वाचलं. मीटरचा काटा असाच अडकून एकाच जागी फिरताना मी पाहिलाय. तेव्हा आम्ही मीटर बदलायचो.

“बाई, मी एकटा आहे,” मी म्हणालो. “माझी कसली संस्था?”

त्यांनी पानं उलटली. त्यांना माझं काम करायचं होतं, हे मी पुढेही कधी विसरलो नाही. “नोंदणीकृत असली की पुरे, असं लिहिलंय. कसली ते लिहिलेलं नाही. तुम्ही राहता त्या इमारतीची सोसायटी नोंदलेली आहे का?”

होती. म्हणजे आमच्या हिच्या नावाची किल्ली आता आप्पांच्या हातात होती.

सभा रविवारी सकाळी आप्पांच्या दिवाणखान्यात भरली. मी विषय मांडला. ‘जिन्यातील कीटकांवर संशोधन करणे हे सोसायटीचे एक उद्दिष्ट राहील’ असा ठराव हवा होता.

“आणि गळणाऱ्या टाकीचं काय?” शिवणवाल्या ताईंनी विचारलं. “ते उद्दिष्ट कधी येणार?”

“ताई, ते राष्ट्रीय आहे. हे आंतरराष्ट्रीय आहे,” डॉक्टर म्हणाला.

आप्पांनी गठ्ठा वाचायला घेतला. अध्यक्ष म्हणून त्यांना तो पूर्ण वाचायचा होता. त्यांनी चष्मा पुसला आणि खरंच पूर्ण वाचला. आम्ही बसून राहिलो. एके ठिकाणी ते थांबले. “परिशिष्ट पाच. संस्थेची उपकरणे. आपल्याकडे कुठलं उपकरण आहे?”

“बल्ब,” मी म्हणालो.

डॉक्टरनं लगेच लिहून टाकलं, ‘तापदीप्त प्रकाशस्रोत, एक.’

“म्हणजे तो पिवळा बल्ब?” आप्पांचा आवाज चढला. “ज्याच्यापायी मी एकोणीस वर्षं…” मग त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली आणि त्यांनी ती हळूहळू, एकेक शब्द चाखत वाचली. “‘उपकरणात कोणताही बदल केल्यास तो संस्थेच्या अध्यक्षांनी उभय देशांच्या सरकारांना लेखी कळवावा.’”

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“अध्यक्षांनी,” आप्पा पुन्हा म्हणाले. “उभय देशांच्या.”

ठराव एकमतानं मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी बल्बखाली आप्पांच्या वळणदार अक्षरात पाटी लागली: ‘आंतरराष्ट्रीय उपकरण. हात लावू नये. हुकमावरून, अध्यक्ष.’ केर काढणारीला त्यांनी त्या कोपऱ्यात फिरकायची बंदी केली. तिनं ती इतकी मनावर घेतली की पुढे तिनं तो संपूर्ण जिनाच सोडून दिला.

इथवर माझी काळजी साधी होती. दिवस किती उरले एवढीच. सव्वीस उरले होते. मग आलं परिशिष्ट सात.

मुलगी फोनवर एकेक प्रश्न वाचायची, मी उत्तर द्यायचो, ती तिकडे टंकायची. “नोंदी घेणारी व्यक्ती,” ती म्हणाली. “आईचं नाव घालते. सध्याची स्थिती… निधन. तारीख घालते मी, बाबा, तुम्ही नका सांगू. पुढचं. शेवटच्या नोंदीची तारीख?”

माझ्या हातात वही होती. शेवटची नोंद त्याच दिवशी सकाळची होती. खाली सही होती. एक अक्षर आणि दोन टिंबं.

“बघून सांगतो,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

हे नीट सांगायला हवं. आमच्या खात्यात प्रत्येक भागाचं एक मीटर-पुस्तक असायचं. ज्याचा भाग त्याचं पुस्तक. तो रजेवर गेला की शेजारच्या भागाच्या माणसानं ते भरायचं, पण सही रजेवरच्या माणसाचीच मारायची. वरच्यांना ठाऊक असायचं. सही बदलली की पुस्तक नवीन माणसाच्या नावे गेलं असं धरलं जाई आणि बिचारा रजेवरून आला की त्याचा भाग गेलेला असे. म्हणून कुणाचा भाग जाऊ द्यायचा नाही, ही आमची रीत. मी अशी कितीतरी पुस्तकं भरली आहेत आणि माझीही कुणीकुणी भरली आहेत.

ही दवाखान्यात गेली त्या दिवशी रिक्षात बसताना म्हणाली, “वही बघा हो.” दुसऱ्या दिवसापासून मी खाली जायला लागलो. मोजायचो, लिहायचो, तिची सही मारायचो. परत आली की तपासेल, हसेल, चुका काढेल. सतरा दिवस असं केलं. अठराव्या दिवशी ती गेली. त्या दिवशी सही बदलायला हवी होती. ते जमलं नाही. मग दुसऱ्या दिवशीही नाही. असे आठ महिने झाले.

एकच दिवा, एकच माणूस, असं त्या प्राध्यापक बाईंनी लिहिलं होतं. आणि मी, एकतीस वर्षांत एक आकडा न चुकलेला माणूस, तिच्याच वहीत खोटी सही करून बसलो होतो. एकदा कुत्रं पोटरीला लटकलेलं असताना मी मीटर वाचलाय आणि तो आकडा बरोबर निघालाय. आता मला कागदांचीच भीती वाटायला लागली. जेवण जाईना. मुलीला मी सांगितलं की शेवटची नोंद अजून शोधतोय. ती म्हणाली, “वहीचं शेवटचं पान बघा ना बाबा,” आणि मी म्हणालो, “हो, तेच शोधतोय.” तो रकाना रिकामा ठेवून अर्ज गेला. मला वाटलं, एवढ्या रकान्यांत एक रिकामा कुणाच्या डोळ्यावर येणार!

आला. अकरा दिवस उरले असताना सात नंबरच्या बाई स्थळपाहणीला आल्या.

आप्पा दारातच उभे होते, कोट घालून. त्यांनी भाषण तयार ठेवलं होतं. “विज्ञानाला सीमा नसतात,” असं म्हणून त्यांनी भर दुपारी बल्ब लावून दाखवला.

“दिवसा कशाला जाळताय?” बाई म्हणाल्या.

वीज वाचवा म्हणून आयुष्यभर पाट्या लिहिणाऱ्या आप्पांचं तोंड बघण्यासारखं झालं. तेवढ्यात डॉक्टर पांढरा कोट घालून धावत खाली आला. एक पेशंट वर खुर्चीत तोंड उघडं टाकून बसलाय हे त्याला आठवत होतं, त्यामुळे तो बोलताना सारखा वर बघत होता. बाईंना वाटलं तो छताचं निरीक्षण करतोय. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मग त्या पायरीवर बसल्या आणि तिच्या वह्या उघडल्या. जुन्या वह्या चाळताना त्यांचा चेहरा खुलला. सगळ्यात शेवटी त्यांनी चालू वही हातात घेतली.

“‘कोटवाला, दोन. राखाडी साहेब, एक. कळकट, सात,’” त्यांनी वाचलं. “ही काय शास्त्रीय नावं आहेत?”

“स्थानिक नावं,” डॉक्टर छताकडे बघत म्हणाला.

मला नावं येत नाहीत. मी जमतील तशी ठेवली होती.

बाईंनी चार पानं मागे उलटली, चार पुढे. “अक्षर बदललंय. सही मात्र तीच आहे.” त्यांनी अर्जाची प्रत काढली, त्यातली तारीख पाहिली, मग वहीतली. “काका, या बाई वारल्या कधी?”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. “मॅडम,” ते म्हणाले, “आमच्या इमारतीत असा प्रकार यापूर्वी कधीही घडलेला नाही.”

बाई हसल्या नाहीत. वही बंद करून म्हणाल्या, “नोंदींची सचोटी म्हणून धोरणात अख्खं प्रकरण आहे. एका पानाचा संशय आला तर पूर्ण दप्तर थांबवावं लागतं.”

“पूर्ण म्हणजे? एकोणीस वर्षं?”

“पूर्ण. तुम्ही येऊन काय ते लेखी सांगा. तोवर मी काही करू शकत नाही.”

त्या गेल्यावर सगळे जिन्यातच बसले. “मी म्हणते, सरळ सांगा,” शिवणवाल्या ताई म्हणाल्या, “की रोज स्वप्नात येऊन आकडे सांगायच्या.”

“स्वप्नाला साक्षीदार लागतात,” आप्पा म्हणाले. “शेवटची पानं फाडा. वही आठ महिन्यांपूर्वी संपली म्हणावं. सुंठीवाचून… जाऊ दे. फाडा.”

ते चुकीचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दाढीचं पातं घेऊन बसलो. पान धरलं. ‘कळकट, पाच. पाऊस असल्याने कमी.’ पातं लावलं आणि तसाच बसलो. ती पानं काढली असती तर ते आठ महिने या घरात कुणी नव्हतंच असं झालं असतं. ना ती, ना मी. पातं धुऊन जागेवर ठेवलं आणि मुलीला फोन लावला. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, “रोज जात होता खाली?”

“रोज.”

“मी रोज फोनवर विचारते, सकाळपासून काय केलंत. तुम्ही म्हणता, काही नाही.”

“हो.”

“बाबा, तुम्ही ना…” ती म्हणाली. मी तसाच फोन धरून राहिलो.

चार दिवस उरले असताना मी कक्षात गेलो. आप्पा बरोबर यायला निघाले होते, अध्यक्ष म्हणून. मी नको म्हणालो. तरी ते आले आणि बाहेरच्या बाकावर बसले.

मी बाईंना रजेची गोष्ट सांगितली. मीटर-पुस्तकांची रीत सांगितली. सतरा दिवस आणि अठरावा दिवस सांगितला. “आकडे खरे आहेत,” मी म्हणालो. “सगळे. नावं मला येत नाहीत, पण आकडा खोटा नाही. सही खोटी आहे. माझ्यामुळे तिचं नाव काढू नका. लागलं तर तेवढी पानं वेगळी बांधा, माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, पण तिची एकोणीस वर्षं पुढे जाऊ द्या.”

बाईंनी ड्रॉवर उघडला, बंद केला. “काका, तुम्ही सरकारी नोकरी केलीत ना? मग मला सांगा, पद रिकामं झालं की काय करायचं असतं?”

“पदभार घ्यायचा.”

“तुम्ही घेतलात?”

“नाही.”

“मग घोळ तिथं आहे. सहीत नाही.” त्यांनी एक छापील कागद काढला. तो मला पाठ होता. डावीकडे पदभार देणार, उजवीकडे पदभार घेणार, मध्ये तारीख.

“देणाऱ्याची सही कुठून आणू?” मी विचारलं.

“देणारा हजर नसेल तर काय लिहितात?”

मला ठाऊक होतं. माझा पहिला भाग मी असाच घेतला होता. आधीचा माणूस पुस्तक टेबलावर ठेवून गावी निघून गेला होता आणि परत आलाच नाही. साहेबांनी मला डाव्या रकान्यात आडवी रेघ मारायला लावली होती आणि तिच्यावर दोन शब्द लिहायला लावले होते. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि भाग मिळाला म्हणून खूश होतो.

मी रेघ मारली. वर लिहिलं, ‘एकतर्फी पदभार.’

“तारीख,” बाई म्हणाल्या.

ती तारीख आजवर मी कुठेही लिहिली नव्हती. दाखल्यावर, अर्जावर, सगळीकडे मुलीनं लिहिली होती. मी लिहिली. बाई तेवढा वेळ स्टेपलरची सुतळी सोडवत बसल्या. तिचा मुळात गुंता झालाच नव्हता.

मग त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. “तिची सही खोडू नका. तिच्या बाजूला ‘करिता’ लिहा आणि खाली तुमची सही. प्रत्येक नोंदीला.”

दोनशे एकसष्ट नोंदी होत्या. मी त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून केल्या. करिता, सही. करिता, सही. मध्ये बाईंची जेवणाची सुट्टी झाली, त्या परत आल्या. आप्पा दोनदा दारातून डोकावून गेले. शंभराच्या पुढे हात दुखायला लागला तेव्हा त्यांनी आत येऊन विचारलं, “मी थोड्या करू का?” बाई आणि मी एकदमच म्हणालो, “नको!”

पत्र त्याच दिवशी मिळालं. दुसऱ्या दिवशी टपालाच्या खिडकीत तोच माणूस होता.

“तीच का? चौसष्ट?” त्यानं विचारलं.

“तीच,” मी म्हणालो. रांग या वेळी मागे सरली नाही. आप्पा रांगेत मागे उभे राहून सगळ्यांना प्रकल्प समजावून सांगत होते. खोकं आणि वह्यांचा गठ्ठा हवाई टपालानं गेला आणि कराराच्या शेवटच्या दिवशी दुपारी पोचला. तोवर मी तीन दिवस काय खाल्लं ते मला आठवत नाही.

लेखाची छापील प्रत वर्षभरानं आली. वर सात नावं आहेत. तिसरं तिचं आहे. नावापुढे एक छोटी खूण आहे, ती नाही आता असं सांगणारी. ती जिथं थांबली तिथं तक्त्यात एक उभी रेघ आहे आणि रेघेच्या पुढच्या नोंदी वेगळ्या मोजल्या आहेत. एक दिवा, दोन माणसं, असं खाली लिहिलंय म्हणे. मी आभारांत आहे. तिथं मी बरा आहे. आप्पांचं नाव कुठेच नाही आणि त्याबद्दल उभय देशांच्या सरकारांना लिहावं की काय याचा ते अजून विचार करताहेत. पिवळे बल्ब आता दुकानात मिळत नाहीत, म्हणून त्यांनी कुठून तरी शोधून सहा आणले आणि कपाटात पांढऱ्या दिव्याशेजारी ठेवलेत.

प्रतीबरोबर प्राध्यापक बाईंची चिठ्ठी होती. मुलीनं वाचून दाखवली. कोटवाला त्यांना फार आवडला होता. मात्र मी ज्याला सरसकट कळकट म्हणत होतो, त्या सहा वेगवेगळ्या जाती निघाल्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत एवढी मोठी चूक माझी कुणी काढली नव्हती. चिठ्ठीबरोबर एक भिंगही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन खाली गेलो. पाटीखाली पाच पाखरं पडली होती. लिहिलं, ‘कोटवाला, एक. कळकट, चार.’ सही केली. माझी. मग भिंग आठवलं. वर जाऊन आणलं, पायरीवर बसलो आणि एकेकाला नीट पाहिलं. तिसऱ्याच्या पंखाच्या कडेला बारीक पांढरी रेघ होती.

चार खोडून तीन केले. खाली लिहिलं, ‘वेगळा, एक.’